‘नाइस’ हा इंग्रजी शब्द नीट कसा वापरावा

इंग्रजी शिकताना ‘नाइस’ अगदी सुरुवातीलाच भेटतो आणि मग जेवण, हवा, माणूस, सिनेमा, दिसेल त्याला आपण तो लावत सुटतो. चूक नाही त्यात, पण या शब्दाकडे आणखीही बरंच आहे.

आधी त्याचं मूळ बघा. लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. त्यांपासून झाला ‘नेस्कियस’, म्हणजे अजाण. (‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्कीरे’च्या कुळातला!) जुन्या फ्रेंचमधून साधारण १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. पुढे तो बुजरा, चोखंदळ, नाजूक, काटेकोर असा सरकत गेला आणि १८व्या शतकात ‘छान’पाशी पोहोचला. काटेकोरपणाची छटा मात्र अजून टिकून आहे. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ असं वाचलंत तर ‘छान फरक’ समजू नका, तो ‘सूक्ष्म भेद’ असतो.

मग शेजारचे शब्द तपासा. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. ‘शी इज नाइस’ हे स्वभावाबद्दल असतं, रूपाबद्दल नाही. आपण ‘त्याच्याशी’ चांगलं वागतो, म्हणून ‘विथ’ तोंडात येतं, पण इंग्रजीत ‘बी नाइस टू हिम’ म्हणतात. कुणाच्या कृतीचं कौतुक करायचं असेल तर ‘ऑफ’ घ्या: ‘इट वॉज नाइस ऑफ यू टू कम.’ ‘द रूम इज नाइस अँड वॉर्म’ म्हणजे खोली मस्त उबदार आहे. हेच नामाआधी आलं की ‘अँड’ गळतो: ‘अ नाइस वॉर्म रूम’. आणखी विशेषणं असतील तर मत दाखवणारं ‘नाइस’ सहसा पुढे राहतं, जसं ‘अ नाइस ओल्ड हाउस’.

लिहिताना मात्र हात आखडता घ्या. नेमकं काय आवडलं ते स्वतःला विचारा. माणूस दयाळू असेल तर ‘काइंड’, पुस्तक खिळवून ठेवणारं असेल तर ‘ग्रिपिंग’ लिहा. वाक्यात लगेच जीव येतो.

बोलताना हा शब्द खुशाल वापरा. फक्त ‘नाइस टू मीट यू’ पहिल्या भेटीपुरतं ठेवा. ओळखीच्या माणसाला ‘नाइस टू सी यू’ म्हणा.