समुद्राजवळच्या घराला पत्रा निवडताना
पत्र्याचा रंग शेवटी बघा, आधी लेप विचारा. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात नुसता जस्ताचा लेप लवकर झिजतो. अ‍ॅल्युमिनियम-जस्त लेपाचा, एझेड १५० दर्जाचा रंगीत पत्रा घ्या. म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम लेप. जाडी ०.५ मिमी, आणि ती लेपासकट की नुसत्या पोलादाची, हे बिलावर लिहून घ्याच. लाटांचे तुषार घरापर्यंत येत असतील तर सरळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा.

छपरावर स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, ईपीडीएम नावाच्या रबराच्या वॉशरसह. जास्त आवळला की वॉशर चेपतो आणि गळती तिथूनच सुरू होते. ग्राइंडरने कापू नका, ठिणग्या लेप जाळतात. वळचणीच्या खालच्या बाजूला पाऊस पोचत नाही, मीठ साचत जातं. तो भाग अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.