रिटायर झालात, आता सकाळी दहाला कुठं? सोलापुरात काम शोधण्याची रीत

सोलापुरात रिटायर माणसाला पहिली नेमणूक मिळते ती नळावर. आपल्याकडं पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटार लावायला, टाकी भरायला, हौदावर लक्ष ठेवायला घरातलं कुणीतरी लागतं, आणि "तुम्ही काय, आता घरीच असता की" असं कुणी एकदा म्हणालं की ती ड्युटी कायमची. तिच्यामागून गॅसचा नंबर, नातवाची रिक्षा, वीजबिल, कुरिअर. दिवस भरतो, पण दुसऱ्यांच्या कामांनी. दोन-तीन महिन्यांत माणूस चिडचिडा होतो आणि आपण का चिडतोय हे त्याचं त्यालाच उमगत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आठवड्यातले तीन-चार दिवस ठराविक वाजता कुणीतरी आपली वाट बघत असेल, असं काम शोधा. पैसे मिळणारं असो वा नसो. ज्यांना पैशाची गरज आहे त्यांनाही हीच वाट सोपी पडते, कारण वेळेवर येणाऱ्या आणि हिशोबाला चोख असलेल्या माणसाला या गावातल्या पेढ्यांवर अजून किंमत आहे.

पायरी १ : आधी कागद आणि पैसा मार्गी लावा

हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. पेन्शनचा आदेश, सेवेचा दाखला, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे कागद एका फाइलमध्ये लावा आणि ती फाइल कुठं आहे ते घरात दोघांना माहीत असू द्या. सरकारी पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण'मुळं तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. राज्य सरकारी नोकर बहुतेक ५८ व्या वर्षी बाहेर पडतो आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० नंतरची, असं समजून पुष्कळ जण थांबून राहतात. पण वयोमानानुसार निवृत्त झालेल्याला पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ६० च्या आधीही ते खातं उघडता येतं. मर्यादा ३० लाखांची आहे.

यानंतर स्वतःला एक प्रश्न विचारायचा: काम पैशासाठी हवंय की वेळ घालवण्यासाठी? झेडपीतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेल्याचं उत्तर वेगळं येईल आणि खासगी कारखान्यातून बाहेर पडलेल्याचं वेगळं. कर्मचारी पेन्शन योजनेची, म्हणजे ईपीएस-९५ ची, किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्यात आजच्या बाजारात काय येतं ते सांगायला नको. अशा माणसाला 'छंद जोपासा' म्हणून सल्ला देणं म्हणजे चेष्टा आहे. त्यानं पायरी ३ कडं थेट जावं आणि पैशाची गोष्ट न लाजता बोलावी.

पायरी २ : हुद्दा खाली ठेवा, काम कागदावर लिहा

इथं बहुतेक जण अडतात. "मी शाखाधिकारी होतो" असं सांगून कुणी काम देत नाही. उलट समोरचा बिचकतो की या साहेबांना चहा कोण देणार. तुम्ही रोज नक्की काय करत होता ते लिहा. शाखाधिकारी असाल तर: कर्जाचे कागद तपासणं, थकबाकीदाराला फोन करणं, ताळेबंद वाचणं, कडक भाषेत पण कायदेशीर पत्र लिहिणं. बांधकाम खात्यातले असाल तर: मोजमाप पुस्तक, अंदाजपत्रक, ठेकेदाराचं बिल. परिचारिका असाल तर: इंजेक्शन, ड्रेसिंग, औषधांच्या वेळा, घाबरलेल्या नातेवाइकाला शांत करणं. दहा-बारा ओळी होतात. तीच तुमची नवी ओळख. अर्ज एका पानाचाच करा. जन्मगाव, धर्म, आवडीनिवडी त्यात नकोत. फोन नंबर मोठ्या अक्षरात.

खाली आणखी एक ओळ जरूर लिहा: कोणत्या भाषा बोलता येतात. सोलापूरच्या माणसाला मराठीसोबत कन्नड, तेलुगू, उर्दू यांतल्या एक-दोन तोंडपाठ असतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. पण विजयपूर, कलबुर्गीकडचं गिऱ्हाईक किंवा पेशंट दारात आला की हीच गोष्ट कामाला येते.

पायरी ३ : कुठं विचारायचं

ऑनलाइन नोंदणी करायची तर करा. राज्याचं 'महास्वयंम' हे रोजगाराचं पोर्टल आहे, आणि केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं १ ऑक्टोबर २०२१ ला साठीपुढच्यांसाठी 'सेक्रेड' नावाचं पोर्टल सुरू केलं. नोंदणी करून मात्र बसून राहू नका. सोलापुरात काम ओळखीनं आणि पायांनी मिळतं.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे कापडाचा धंदा. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत, शाळेच्या गणवेशाचे गारमेंटवाले आहेत, चाटी गल्लीत दुकानं आहेत. कारखानदार स्वतः मागावर आणि मालावर लक्ष ठेवतो. ऑफिसात एक पोरगा टॅली करतो आणि चार महिन्यांनी पुण्याला निघून जातो. तिथं तुमची गरज आहे. समजा तुम्ही बँकेतून निवृत्त झालात आणि अशा ऑफिसात सकाळी तीन तास बसायला लागलात. पहिला आठवडा काहीच बोलू नका, फक्त येणेबाकीची वही वाचा. हैदराबादच्या व्यापाऱ्याकडं सहा महिने अडकलेली रक्कम, जळगावचं अर्धं आलेलं पेमेंट, मालाबरोबर गेलेल्या पण बिलाशी न जुळणाऱ्या नगांचा घोळ, सगळं तिथंच सापडेल. मग एका पानावर लिहून द्या: कुणाकडं किती, किती दिवसांपासून, शेवटचा फोन कधी. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, हे निम्म्या कारखानदारांना माहीत असतं आणि पत्र लिहायला वेळ एकालाही नसतो. ते पत्र तुम्ही लिहा. दोन पेमेंट सुटली की "मालक, उद्या येणार ना?" हा कारखानदाराचा फोन तुम्हाला येईल.

गारमेंटचा हंगाम ध्यानात ठेवा. जूनला शाळा उघडतात, त्यामुळं आधीचे चार-पाच महिने तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते. विचारायला जानेवारीच्या आसपास जावं. त्याच सुमारास हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असते. अडत्याला शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहायला, हिशोब जुळवायला जादा दिवाणजी लागतो. काम दमवणारं आहे, वेळा वाकड्या आहेत. गुडघे धड असतील तरच त्या वाटेला जा.

सरकारी नोकरीतून आलेल्यांसाठी करारावरच्या जाहिराती निघत असतात: विभागीय चौकशीसाठी चौकशी अधिकारी, रेल्वेतली तात्पुरती भरती, झेडपी शाळांतले शिक्षक. २०२३ मध्ये राज्यानं निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर घ्यायचं ठरवलं होतं. असे निर्णय येतात, बदलतात, म्हणून आपल्या जुन्या कार्यालयातल्या आस्थापनेच्या लिपिकाशी संबंध चांगले ठेवा. जाहिरात त्याला आधी कळते. वर्ग एकचे अधिकारी असाल तर निवृत्तीनंतर काही काळ खासगी काम धरायला परवानगी लागते, तेही त्यालाच विचारून घ्या.

विचारताना लांबण लावू नका. "मी बँकेत अमुक वर्षं होतो. सकाळी नऊ ते बारा मोकळा आहे. तुमची येणेबाकी आणि पत्रव्यवहार बघू शकतो. महिनाभर बघा, मग मानधनाचं बोलू." एवढं पुरतं. 'काहीही काम चालेल' मात्र कधीच म्हणू नका. ऐकणाऱ्याला तो माणूस अडचणीत आहे असं वाटतं, आणि पहिल्याच दिवशी झेरॉक्सला पाठवतात.

पायरी ४ : मानधन आधी बोला

महिनाभराचा वायदा झाला की लाज सोडून आकडा ठरवा. तास किती, सुट्टी कोणती, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आणि पंढरीच्या वारीला रजा मिळेल का, सगळं एका कागदावर. वयानं मोठे म्हणून आपल्याला 'काका' म्हणतील, पाया पडतील, दिवाळीला चादर देतील, आणि पगाराचं मात्र "बघू की काका" म्हणत तीन महिने लोंबकळत ठेवतील. प्रेम वेगळं, हिशोब वेगळा. मानधनातून कर कापला गेला असेल तर पेन्शन आणि मानधन एकत्र दाखवून विवरणपत्र भरा. कापलेलं परत मिळण्यासारखं असेल तर ते भरल्याशिवाय मिळत नाही.

पायरी ५ : स्वतःचं काही करायचं असेल तर लहान करा

घरातल्या बाईंच्या हाताला चव असेल, किंवा त्याच निवृत्त झालेल्या असतील, तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या दोन वस्तूंसारखा धंदा नाही. दोन्ही टिकतात, दोन्ही पुण्या-मुंबईच्या सोलापूरकरांना हव्या असतात. पण कष्ट कमी समजू नका. भाकरी पापडासारखी पातळ थापावी लागते, मंद आचेवर पाणी पूर्ण निघेपर्यंत शेकावी लागते, आणि जरा ओल राहिली की आठ दिवसांत बुरशी. चटणी मिक्सरमधून काढली की तिचं कूट होतं. तेल सुटेपर्यंत कुटलेलीच पाहिजे. म्हणून थापायला आणि कुटायला मदतीला माणूस ठेवा आणि आपण माल तपासणं, पॅकिंग, पैसे बघा. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. लहान उद्योगाची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणारा कुणी भेटला तर तो दलाल समजा.

दुसरं स्वप्न गावाकडच्या शेतीचं. मोहोळ, सांगोला, मंगळवेढ्याकडं वाट्याची चार एकरं असतात आणि तीस वर्षं फाइली हाताळलेला माणूस रिटायर होताच डाळिंब लावायला निघतो. ग्रॅच्युइटी ठिबकमध्ये जाते आणि बाग तेल्या रोगात. मी कुणाला शेतीपासून परावृत्त करत नाही, पण पहिलं वर्ष वाटेकऱ्याबरोबर ज्वारी करा, नुसतं बघा. डाळिंबच लावायचं असेल तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच गावात आहे. रोपं घेण्याआधी तिथं जाऊन या. येण्याजाण्याला एसटी आहे: ६५ नंतर अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट, बायकांना तर सरसकट अर्धं.

पायरी ६ : पैसे नको असतील तर

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सकाळी ओपीडीच्या वेळी उभं राहून बघा. सीमाभागातून आलेलं म्हातारं जोडपं, हातात केसपेपर, खिडकी कोणती ते कळत नाही, बोलतात फक्त कन्नड. दोन वाक्यांत त्यांचा तास वाचतो. पण आपलं आपण घुसू नका. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटून वार आणि वेळ ठरवून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं, त्यात निवृत्तांना घेतात. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेणारे शिक्षक विडी कामगारांच्या वस्त्यांत कायमच कमी पडतात. यातलं एकच निवडा. पाच ठिकाणी होकार देणारा माणूस सहाव्या आठवड्यात कुठंच दिसत नाही.

कुठं सावध राहायचं

नोकरीसाठी 'नोंदणी फी' किंवा 'डिपॉझिट' मागितलं की उठून या. घरबसल्या टायपिंगचे हजारो रुपये देणारा फोन फसवणुकीचाच समजा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा. त्याहून मोठा धोका ओळखीतला: पतसंस्थेच्या कर्जाला जामीन. पेन्शनरची सही सगळ्यांना हवी असते, कारण त्याची पेन्शन पक्की. भाच्याला वाईट वाटलं तर वाटू द्या. आणि नेटवर्क मार्केटिंगच्या 'सेमिनार'ला चहा फुकट असतो म्हणूनही जाऊ नका.

वेळ आणि उन्हाळा

काम सुरू करताना वेळ सकाळचीच मागा. मार्च ते मे दुपारी जुळे सोलापूरहून एमआयडीसीपर्यंत दुचाकीवर जाणं साठीच्या माणसाचं काम नाही. पारा ४२-४३ ला टेकतो आणि रस्त्यावर सावली नाही. उन्हाळ्यापुरतं आठ ते अकरा करून घ्या. दुपारी कारखान्याचं पत्र्याचं छत तापलेलं असतं, त्यामुळं मालकालाही बिलं सकाळीच हातावेगळी झालेली हवी असतात आणि तो नाही म्हणत नाही. घरी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका की पाण्याच्या दिवशी मोटार कोण लावणार.