चावी अडकते म्हणून लॉकमध्ये तेल सोडू नका

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास शेतरस्त्यांवर फुफाटा उडू लागला की मोटारसायकलची चावी जड जाते. मग कोणी खोबरेल सोडतं, कोणी इंजिन ऑइल. चार दिवस चावी छान फिरते, नंतर आधीपेक्षा जास्त अडकते. कारण तेल धूळ धरून ठेवतं. काळ्या मातीची बारीक धूळ त्यात मिसळली की आत चिकट राड तयार होते.

लॉकच्या आत पितळेच्या पातळ पत्र्या असतात, प्रत्येकीला इवलीशी स्प्रिंग. चावीच्या खाचांप्रमाणे सगळ्या पत्र्या एका रेषेत आल्या तरच आतला गोल भाग फिरतो. एक पत्री जरी राडीत रुतली, तरी चावी अडते.

आधी घरात पडून असलेली दुसरी चावी घालून बघा. ती सहज फिरली तर लॉक चांगलं आहे, रोजची चावी झिजली आहे. नवी चावी त्या कमी वापरलेल्या चावीवरूनच काढा. झिजलेलीवरून काढली तर झीजही तशीच उतरते. हँडल लॉक सुटत नसेल तर हँडल हलकेच डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवा. बऱ्याचदा दोष लॉकचा नसतो, खिट्टीवर हँडलचा ताण आलेला असतो.

सफाईसाठी गाडी सावलीत लावा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. स्प्रे पेट घेतात. इग्निशनचं लॉक असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉन्टॅक्ट क्लीनरची (विजेचे भाग साफ करायचा स्प्रे) बारीक नळी चावीच्या भोकात घालून १-२ सेकंद मारा. डोळे जपा, उडतं. लगेच चावी १०-१५ वेळा आत-बाहेर करा आणि दर वेळी पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत हेच करत राहा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो.

अर्धा तास वाळू द्या. मग ड्राय पीटीएफई स्प्रे (टेफ्लॉनचं कोरडं वंगण) एक सेकंद, बस. डिक्की किंवा कारच्या दाराच्या लॉकला ग्राफाइट पावडरही उत्तम; चिमूटभरसुद्धा नको, चावीला चोळून घातली तरी पुरते. ती नसेल तर ६बी पेन्सिल चावीवर घासा. इग्निशनला मात्र ग्राफाइट नको: त्यातून वीज वाहते आणि खालीच स्विचचे कॉन्टॅक्ट असतात. आत तेलाचा अंश राहिला असेल तर ग्राफाइटचाही चिखलच होतो.

एवढं करूनही चावी अर्ध्यावर अडत असेल तर पक्कड लावू नका. चावी आत तुटते. तुटलाच तुकडा तर दुसऱ्या चावीने ढकलू नका, फेविक्विक तर मुळीच नको, चावीवाल्याला बोलवा. पत्री किंवा स्प्रिंग तुटली असेल तर लॉक बदलावंच लागतं.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट लॉकवर मारू देऊ नका, चावीच्या भोकावर झाकणारं शटर असेल तर आधी ते बंद करा. पावसाळ्यातला चिखल आत वाळतो, म्हणून दिवाळीआधी हीच सफाई पुन्हा एकदा करा.