नोड-रेडला घरची उपकरणं जोडताय? या चुका टाळा

सोलापुरात होम ऑटोमेशन म्हटलं की रंगीत दिव्यांच्या आधी पाण्याची मोटर आठवते. नळाला रोज पाणी नसतं. सुटलं की हौद भरून घ्यायचा, मग मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, आणि टाकी वाहायला लागली की शेजारून हाक ऐकायची. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी मी हे काम नोड-रेडवर, म्हणजे स्क्रीनवरचे डबे वायरींनी जोडून उपकरणं चालवायच्या सॉफ्टवेअरवर, सोपवलं. एक रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसता 'पाय'), मोटरच्या स्टार्टरला टॅस्मोटा हे सॉफ्टवेअर घातलेला रिले, म्हणजे वायफायवरून चालणारा स्विच, आणि टाकी भरली की सांगणारा फ्लोट स्विच. स्क्रीनवर चार डबे (त्यांना नोड म्हणतात) आणि तीन वायरी, एवढाच फ्लो. अर्ध्या तासात झाला. त्यातल्या चुका निस्तरायला दोन महिने लागले.

सगळ्यात महाग पडता पडता राहिली ती चूक आधी सांगतो.

एप्रिलमधली दुपार. लाईट गेली, वीस मिनिटांनी आली, आणि खालून मोटरचा आवाज यायला लागला. आई जिन्यातून ओरडली, "मोटर कुणी लावली रे? हौदात थेंब नाहीये!" कुणीच लावली नव्हती. पळत जाऊन मेन स्विच पाडला.

झालं असं होतं की, मोटर चालू करायचा हुकूम एमक्यूटीटीवरून, म्हणजे उपकरणांच्या आपसातल्या निरोपांच्या पद्धतीने, पाठवताना मी 'रिटेन'ची खूण करून ठेवली होती. रिटेन केलेला शेवटचा संदेश ब्रोकर, म्हणजे निरोप पोचवणारा मधला प्रोग्राम, जपून ठेवतो आणि त्या टॉपिकवर (निरोपाच्या पत्त्यावर) नव्याने जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाला तो लगेच देतो. लाईट आल्यावर रिले पुन्हा जोडला गेला आणि ब्रोकरने त्याच्या हातात कधीचा शिळा 'ऑन' ठेवला. आदल्या दिवशी मोटर बंद केली होती ती स्टार्टरच्या बटणावरून, त्यामुळे 'ऑफ'चा संदेश गेलाच नव्हता.

म्हणून हुकुमाला रिटेन कधीच नको. रिटेन करायची ती स्थिती, म्हणजे 'टाकी भरली आहे' किंवा 'सेन्सर जिवंत आहे' अशी माहिती. आधीच अडकून बसलेला हुकूम पुसायचा तर त्याच टॉपिकवर रिकामा पेलोड (संदेशातला मजकूर) रिटेनसह एकदा पाठवा. एवढ्यावर थांबू नका. टॅस्मोटात 'पॉवरऑनस्टेट' मुळात ३ असतं, म्हणजे लाईट आल्यावर रिले आपली आधीची स्थिती परत धरतो. मोटरसाठी ते ० करा. शिवाय 'पल्सटाइम' १९०० द्या. त्यातले १०० वजा करून उरतात ते सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाने रिले स्वतःहून बंद होतो. नोड-रेड अडकू दे, वायफाय जाऊ दे, पाय बंद पडू दे, मोटर थांबणारच. बंद करायची शेवटची जबाबदारी फ्लोवर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

याच ओघात एक सांगून टाकतो. दहा अँपिअरच्या छोट्या स्मार्ट रिलेवर एक एचपीची मोटर थेट लावू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि रिलेचे पॉइंट चिकटून बसतात. रिलेने कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेपणारा मोठा स्विच) ओढायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

वायर बरोबर, पण वायरीतून काय जातंय?

२०१३ साली आयबीएममध्ये निक ओलिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी नोड-रेड सुरू केलं, तेच मुळी एमक्यूटीटीचे टॉपिक एकमेकांना कसे जोडलेत ते चित्रात दिसावं म्हणून. चित्र खरंच छान दिसतं, आणि तिथेच आपण फसतो. वायर जोडलेली दिसते, नोडखाली हिरवा ठिपका असतो, तरी टाकी भरल्यावर मोटर बंद होत नाही. मी स्विच नोड, म्हणजे पेलोड बघून पुढची वाट ठरवणारा डबा, तीनदा पुसून नव्याने टाकला. शेवटी आलेला संदेश दाखवणारा डीबग नोड जोडला आणि उजवीकडच्या पट्टीत नीट पाहिलं. पेलोडच्या वर बारीक अक्षरात 'स्ट्रिंग' (म्हणजे अक्षरांचा मजकूर) आणि कंसात ३ लिहिलेलं. इंग्रजीत 'ऑन' लिहायला अक्षरं लागतात दोन, मग हे तिसरं कुठलं? फ्लोट स्विचच्या प्रोग्राममध्ये मी शब्दामागे एक स्पेस सोडली होती. डोळ्याला दिसत नव्हती, पण स्विच नोडला ती खटकत होती.

तो कंसातला आकडा वाचायची सवय लावून घ्या. कुठलं उपकरण मोठ्या लिपीत 'ऑन' पाठवतं, कुठलं छोट्या लिपीत, कुठलं ट्रू, कुठलं १, तर झिगबी या वायरलेस पद्धतीची उपकरणं बहुतेक वेळा अख्खं ऑब्जेक्ट (माहितीचा गठ्ठा) पाठवतात. प्रत्येकाच्या दारातच संदेश बदलणारा एक चेंज नोड बसवून सगळ्यांना एकाच साच्यात आणा, म्हणजे पुढचा फ्लो साधा राहतो. आकड्यांची गंमत तर वेगळीच. फंक्शन नोडमध्ये (जिथे आपण कोड लिहितो) दोन्ही आकडे स्ट्रिंग म्हणून आले, तर ९ हे ८० पेक्षा मोठे ठरतात, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. माझ्या हिशोबात नऊ टक्के भरलेली टाकी ऐंशी टक्क्यांच्या वर गेली होती! तुलना करण्याआधी त्यांचा नंबर करून घ्या. आणि फंक्शन नोडच्या शेवटी संदेश रिटर्न करायला विसरलात, तर एररही येत नाही, पुढे नुसती शांतता.

टॉपिकच्या नावात लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते. सुरुवातीला तिरकी रेघ दिली की तो टॉपिकच वेगळा होतो.

जोडणीच होत नसेल तर

ब्रोकर म्हणून मॉस्क्विटो हा प्रोग्राम असेल आणि उपकरणं त्याला जोडलीच जात नसतील, तर आवृत्ती बघा. २.० पासून कॉन्फिगमध्ये लिसनर (जोडण्या घ्यायचं पोर्ट) लिहिला नसेल तर तो फक्त त्याच मशीनवरून येणारी जोडणी घेतो, आणि लिसनर लिहिला की मुळात पासवर्डशिवाय कुणाला आत घेत नाही. जुने व्हिडिओ बघून बसवणारे इथे हमखास अडकतात. लिसनर १८८३ लिहा, युजर-पासवर्ड करा. जोडणी होतेय, तुटतेय, पुन्हा होतेय, असं चाललं असेल तर दोन ठिकाणी एकच क्लायंट आयडी आहे का ते बघा. ब्रोकर एकाला आत घेताना दुसऱ्याला बाहेर काढतो. जुन्या पायवरचा फ्लो नव्यावर कॉपी करून दोन्ही चालू ठेवले की नेमकं हेच होतं. ईएसपी८२६६ या वायफाय चिपची उपकरणं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय बघतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

सकाळी सहाची मोटर साडेअकराला?

नोड-रेड डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) असेल तर कंटेनरचं घड्याळ मुळात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं आणि आपण साडेपाच तास पुढे. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्या. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवरचं घड्याळच नाही. लाईट आल्यावर राउटर सावकाश उठतो आणि इंटरनेट मिळेपर्यंत पाय चुकीच्या वेळेत जगतो. त्यामुळे पाय आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा. एसडी कार्डही त्याने वाचतं, नाहीतर लाईट धाडकन जाण्याने ते कधीतरी खराब होतंच.

लाईट गेली की आणखी एक गोष्ट जाते. फ्लो किंवा ग्लोबल कॉन्टेक्स्टमध्ये (नोड-रेडच्या आठवणीत) ठेवलेल्या किमती मुळात मेमरीतच असतात. 'आज मोटर एकदा चालून गेली' ही नोंद अशी पुसली गेली की मोटर पुन्हा लागते. सेटिंग्ज फाइलमध्ये कॉन्टेक्स्ट स्टोरेज लोकल फाइलसिस्टिमवर करा. तसंच फुल डिप्लॉय (सगळे फ्लो नव्याने लागू करणं) मारलं की चालू टायमर आणि डिले सगळे शून्यावर येतात. मोटर चालू असताना फ्लोत काही बदललं, तर फक्त बदललेले नोड डिप्लॉय करा.

नोड-रेडच्या एडिटरला मुळात पासवर्ड नसतो. ऑफिसातून बघता यावं म्हणून राउटरवर १८८० पोर्ट उघडून देऊ नका. व्हीपीएन वापरा.

स्टार्टरची लाल-हिरवी बटणं मी काढलेली नाहीत. आई अजून तीच वापरते, आणि ते फ्लोला कळत नाही. म्हणून 'मी ऑन पाठवलं म्हणजे मोटर चालू आहे' हे गृहीत धरणं सोडून दिलं आणि लाईनवर वीज मोजणारं एक मीटर बसवलं. आमची मोटर पाणी ओढताना हजार वॅटच्या आसपास घेते, हौद संपला की आकडा चांगलाच खाली येतो. तो खालीच राहिला की फ्लो कॉन्टॅक्टर सोडतो, बटण कुणीही दाबलेलं असो.