शिकागोत नव्याने आलेल्यांनी पहिल्या हिवाळ्यात काय वाचावे

शिकागो परिसरात नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँकेचे खाते, वाहनपरवाना, मुलांची शाळा आणि डेव्हन अव्हेन्यूवरचे वाणसामान यांची माहिती आता कोणीही देते, आणि ती चांगलीच असते. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या महिन्यांविषयी. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधारून येते, घर लागलेले असते, नोकरी सुरू झालेली असते, आणि तरीही आपण नेमके कोणाच्या शहरात येऊन राहिलो आहोत याचा पत्ता नसतो. हा पत्ता मला आत्मकथनांनी आणि स्थलांतरावरच्या पुस्तकांनी दिला. त्यांतली कोणती पुस्तके आधी वाचावीत आणि ती कुठून मिळवावीत, ते येथे लिहिते आहे.

आधी एक नकार. यशस्वी अनिवासी भारतीयांची आत्मचरित्रे पहिल्या वर्षी बाजूला ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. खिशात आठ डॉलर घेऊन उतरलेला माणूस शेवटच्या प्रकरणात कंपनी विकतो, अशी त्यांची साधारण चाल असते. परकीय चलनावरच्या निर्बंधांमुळे एके काळी खरोखरच एवढेच डॉलर बरोबर नेता येत असत, त्यामुळे ती कथा खोटी नाही. पण ती मायदेशी राहिलेल्या वाचकासाठी लिहिलेली असते, आणि नव्याने आलेला माणूस ती वाचून स्वतःचे माप काढत बसण्यापलीकडे फारसे काही करत नाही.

पुस्तके मिळवण्यासाठी सर्वप्रथम आपल्या गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड काढावे. ते रहिवाशांना विनामूल्य मिळते, ओळखपत्र आणि भाडेकरार किंवा विजेचे बिल एवढे साधारणपणे पुरते, आणि आपण उपनगरात राहत असाल तर कार्ड त्या उपनगराच्या ग्रंथालयाचे काढायचे असते, शिकागो शहराचे नव्हे. शिकागो पब्लिक लायब्ररीने २०१९ पासून उशिराचा दंड घेणे बंद केले आहे. उपनगरांचे नियम वेगवेगळे आहेत, ते विचारून घ्यावेत. याच कार्डावर ‘लिबी’ ॲपमधून ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तके घेता येतात, आणि जे पुस्तक गावात नसेल ते दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून घेण्याची सोय असते.

या मागवून घेण्याच्या सोयीचा मराठी वाचकाला विशेष उपयोग आहे, आणि त्यामागचा इतिहास मौजेचा आहे. १९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याखाली अमेरिकेने भारताला धान्य दिले आणि त्याची किंमत रुपयांत घेतली. त्या रुपयांतून १९६२ पासून इथल्या ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेतली जाऊ लागली. ज्या पीएल ४८० च्या गव्हाला आपल्या आधीच्या पिढीने मनसोक्त नावे ठेवली, त्याच गव्हाच्या पैशांतून मराठी पुस्तके शिकागो विद्यापीठाच्या रेगेन्स्टाइन ग्रंथालयापर्यंत पोहोचली. सूची शोधताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्रंथालये मराठी शीर्षके रोमन लिपीत लिहिताना शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गाळत नाहीत, म्हणून ‘निवेदन’ हे पुस्तक शोधताना शेवटी रोमन ‘a’ हे अक्षर (Nivedana) टंकावे लागते. नाहीतर पुस्तक असूनही नसल्यासारखे दिसते.

आता पहिले पुस्तक. इझाबेल विल्करसन यांचे ‘द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स’ (२०१०) जाडजूड आहे, पण शिकागोत राहणाऱ्याने ते टाळू नये. १९१५ ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे निघून गेली. विल्करसन यांनी बाराशेहून अधिक लोकांशी बोलून त्यांतल्या तिघांच्या आयुष्यांतून तो सगळा प्रवाह मांडला आहे. मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस वेचणारी आयडा मे ही त्यांपैकी एक. टर्की चोरल्याच्या खोट्या संशयावरून नवऱ्याच्या नात्यातल्या एका तरुणाला गोऱ्या लोकांनी बेदम मारले, नंतर ते पक्षी आपोआप परत आले, आणि या कुटुंबाने हंगामाचा हिशेब चुकता करून १९३७ मध्ये गुपचूप गाव सोडले. ज्यांनी कोयता घेऊन साखर कारखान्यावर निघालेली बिऱ्हाडे पाहिली आहेत आणि मुकादमाच्या उचलीचा हिशेब ऐकला आहे, त्यांना कापसाच्या त्या हिशेबाचे पान समजावून सांगावे लागत नाही.

त्याच पुस्तकात मिसिसिपीतील एकेका गावाच्या नावाने शिकागोत निघालेल्या मंडळांचा उल्लेख येतो. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या एकेका गावाची माणसे एकेका खोलीत राहत आणि गावचे मंडळ चालवीत, ते वाचकाला येथे हमखास आठवते. आपल्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव ही या शहरात फार जुन्या वहिवाटीत घातलेली भर आहे, एवढे कळले तरी आपण उगाच स्वतःला पहिलेवहिले समजत नाही.

या पुस्तकाचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण घराशी निगडित आहे. नवीन आलेला माणूस पहिल्या महिन्यातच ‘तो भाग चांगला नाही’ हे वाक्य शिकतो आणि पुढच्या आलेल्याला ते तसेच सांगतो. १९१० मध्ये शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय राहत होते. १९७० पर्यंत ती संख्या ११ लाखांवर गेली. १९१९ च्या उन्हाळ्यात सरोवरात पोहणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांच्या दगडफेकीत बुडून मृत्यू झाला आणि उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. त्यानंतर कित्येक दशके घरांच्या खरेदीखतांतच वंशाच्या अटी लिहिल्या जात होत्या. आयडा मे हिच्या कुटुंबाने पुढे साउथ शोअर भागात घर घेतले, तेव्हा तिथल्या गोऱ्या शेजाऱ्यांनी थोड्याच काळात ती वस्ती सोडली. कोणत्या गावातली शाळा ‘दहापैकी नऊ’ आणि कोणती ‘दहापैकी तीन’, हा आपल्या घरखरेदीतला कळीचा आकडा या इतिहासावर उभा आहे. घर कुठे घ्यावे हे मी सांगणार नाही. पण घर दाखवणाऱ्या दलालाचे बोलणे हे पुस्तक वाचल्यानंतर वेगळे ऐकू येते, एवढे सांगते.

शिवाय आपण येथे आहोत तेही या कृष्णवर्णीय लोकांच्या लढ्यामुळे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ ठरत नाही म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकाल दिला होता. १९४६ च्या कायद्याने तो दरवाजा किलकिला झाला, पण भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जणांचाच कोटा आला. तो मोडणारा १९६५ चा स्थलांतर कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या हवेतच संमत झाला. मराठी मंडळांच्या स्मरणिकांत ‘आम्ही केवळ गुणवत्तेवर आलो’ असे लिहिलेले दिसते तेव्हा माझी चिडचिड होते. गुणवत्ता १९६५ च्या आधीही होती.

मुले असलेल्यांनी जेन ॲडम्स यांचे ‘ट्वेंटी इयर्स ॲट हल-हाउस’ (१९१०) वाचावे. हॅल्स्टेड रस्त्यावर १८८९ मध्ये त्यांनी एलन गेट्स स्टार यांच्याबरोबर ही संस्था काढली. तिची मूळ वास्तू आता इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो आवारात संग्रहालय म्हणून उभी आहे. या पुस्तकाला आता स्वामित्वहक्क उरलेला नसल्याने ते इंटरनेटवर फुकट मिळते. त्यात एक इटालियन मुलगी येते, जी डोक्याला रुमाल बांधणाऱ्या आपल्या आईची लाज वाटून वेगळ्या दाराने संस्थेत शिरत असे. आईसारख्या स्त्रियांचे सूतकताईचे कौशल्य लोकांना दिसावे म्हणून ॲडम्स यांनी तिथे श्रमसंग्रहालय सुरू केले. आईची कताई पाहुण्यांनी कौतुकाने पाहिली, तेव्हा ती मुलगी आईच्याच दाराने येऊ लागली. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला शाळेच्या फाटकाशी येऊ नको म्हणणारी नातवंडे आपल्याकडेही आहेत. त्यांना संस्कृतीवर व्याख्यान देण्यापेक्षा आजीला एखाद्या ठिकाणी शिकवणारी म्हणून उभे करावे. गावच्या ग्रंथालयात गोधडी शिवण्याचे किंवा रांगोळीचे प्रात्यक्षिक ठेवू द्या म्हटले तर बहुधा आनंदाने होकार मिळतो. ॲडम्स यांचा सूर मधूनमधून यजमानीणबाईंचा होतो आणि स्थलांतरित त्यांच्या पुस्तकात स्वतःच्या तोंडाने फार कमी बोलतात, हेही लक्षात असू द्यावे.

स्वतःच्या तोंडाने बोललेले हवे असेल तर मराठीकडेच यावे लागते, आणि तेही सव्वाशे वर्षांहून अधिक मागे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि मग जवळजवळ तीन वर्षे या देशात फिरल्या. आपल्या शेजारच्या एव्हन्स्टनमधल्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी आणि त्यांच्या दारूबंदीच्या महिला संघटनेशी त्यांचा स्नेह जुळला. १८८९ मध्ये निघालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या त्यांच्या ग्रंथात शासनपद्धती, शिक्षण, घरसंसार, स्त्रियांची स्थिती यांवर सविस्तर प्रकरणे आहेत. भारावून न जाता आणि नाक न मुरडता परका देश कसा पाहावा, याचा इतका चांगला मराठी नमुना मला दुसरा माहीत नाही. आनंदीबाईंची पत्रे काशीबाई कानिटकर यांच्या चरित्रग्रंथात आहेत. थंडी, अन्न आणि आजारपण यांनी खचलेल्या एकट्या विद्यार्थिनीने मात्र ती एकटीने वाचू नयेत, कोणाच्या तरी सोबतीने वाचावीत.

दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) शिकागोत का वाचायचे, असे मला एकाने विचारले होते. पहिल्यात नगर जिल्ह्यातील गाव आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती यांमधली ये-जा आहे, तर दुसऱ्यात रत्नागिरीजवळच्या गावातून मुंबईत आलेल्या बाईचे शिक्षण, नोकरी, संसार आणि चळवळ आहे. ही स्थलांतराची पुस्तके आहेत, आणि गाव सोडले तरी जात मागे राहत नाही, हे ती पानोपानी दाखवतात. मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमात नव्या पाहुण्याला आडनाव विचारून मग ‘म्हणजे मूळचे कुठले?’ असे खोदून विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या प्रश्नाने कोणी अवघडून कोपऱ्यात जाऊन उभे राहते, ते विचारणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. सिएटल नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना ‘इथे कुठे आहे जात?’ असे वाटले. त्यांनी ही दोन पुस्तके आधी वाचावीत.

धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदन’विषयी थोडक्यात सांगते, कारण ते ज्याला लागायचे त्याला लागतेच. गोव्यातले घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा ज्ञानासाठी भटकलेला हा माणूस १९१० मध्ये हार्वर्डला पोहोचला, आणि ते सारे त्यांनी कसलाही आव न आणता लिहिले आहे.

ज्यांचे आईवडील तिकडे एकटे आहेत त्यांना अतुल गवांदे यांचे ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) चुकवता येणार नाही. लेखकाचे आजोबा यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे शेतकरी. जवळजवळ एकशेदहा वर्षे ते आपल्या माणसांत, आपल्या शेतावर जगले. त्यांचा मुलगा ओहायोतील लहान गावात डॉक्टर झाला आणि त्याचे म्हातारपण अमेरिकी पद्धतीने आले. लेखक जुन्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गात नाही, आणि वृद्धाश्रमांनाही सोडत नाही. पुस्तक वाचून झाल्यावर भावंडांना फोन करून पैशांचे आणि काळजीचे वाटप प्रत्यक्ष ठरवावे. सगळ्यांचेच ते ठरवणे उशिरा होते.

पुस्तके चार-सहा घरांनी मिळून वाचावीत. गावच्या ग्रंथालयातली बैठकीची खोली आधी सांगून ठेवली की सहसा फुकट मिळते, आणि कोणाच्या घरी जमले की जे फराळाचे दडपण यजमानावर येते ते टळते. मराठी न वाचणारे जोडीदार आणि मोठी मुले यांना बरोबर घ्यायचे असेल तर दोन्ही भाषांत असलेली पुस्तके निवडावीत: ‘बलुतं’चा इंग्रजी अनुवाद जेरी पिंटो यांचा, ‘आयदान’चा माया पंडित यांचा, आणि रमाबाईंचा अमेरिकाग्रंथ व ‘निवेदन’ हे दोन्ही धर्मानंदांची नात मीरा कोसंबी यांनी इंग्रजीत आणलेले आहेत.

यानंतर ऐकून लिहून ठेवण्याचे काम येते, आणि त्याला घाई आहे. १९६५ नंतर लगेच आलेली पिढी आता ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहे. या शहरात स्टड्स टर्कल यांनी ‘डिव्हिजन स्ट्रीट: अमेरिका’ (१९६७) हे पुस्तक सामान्य शिकागोकरांच्या मुलाखतींवरच उभे केले; प्रश्न कसे विचारावेत, हे त्यातून शिकता येते. काका-काकूंना ‘तेव्हा कसं वाटलं?’ असे विचारले की ‘बरं वाटलं’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी पहिले भाडे किती होते, विमानतळावर घ्यायला कोण आले, तुरीची डाळ कुठून आणत, बर्फात कोणते बूट घातले, असे विचारावे. फिलाडेल्फियातील साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह ही संस्था अशा आठवणी ‘फर्स्ट डेज प्रोजेक्ट’ या उपक्रमात जमा करते. जुनी पत्रे आणि छायाचित्रेही ती घेते, पण त्यांच्या प्रतिमाच ठेवून मूळ कागद कुटुंबाकडेच राहू देते, हे आधी सांगितले की सहसा ट्रंक उघडली जाते.