नागपुरात राहून राष्ट्रवाद आणि कम्युनिझमच्या इतिहासावर काम कसं करायचं

दरवर्षी एमएचं कोणी ना कोणी विचारतंच, राष्ट्रवाद आणि कम्युनिझम दोन्हीवर पीएचडी करायची आहे, दिल्लीला जाऊ का. जा ना भाऊ, पण आधी इथलं तर पाहून घे.

पहिलं काम म्हणजे विषय लहान करा. 'भारतातील राष्ट्रवाद' असं लिहून नेलं तर गाइड काही बोलणार नाही आणि पुढची सात वर्षं तुम्ही रडत बसाल. एक शहर घ्या, दहा वर्षं घ्या. नागपूरच घ्या की. 1920 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, असहकारावर शिक्का बसला आणि प्रांतिक कमिट्या भाषेप्रमाणे करायचं ठरलं, 1923 ला झेंडा सत्याग्रह, 1925 ला दसऱ्याला संघ. कम्युनिस्ट पार्टीचं कानपूरचं अधिवेशनही त्याच 1925 च्या डिसेंबरातलं. आणि 1929 ला आयटकचं, म्हणजे देशभरच्या कामगार संघटनांच्या महासंघाचं, अधिवेशन नागपुरात, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, तेव्हा बरेच कम्युनिस्ट पुढारी मेरठच्या कटाच्या खटल्यात तुरुंगात होते, तरी व्हिटली कमिशनवर (कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला इंग्रज सरकारनं नेमलेलं) बहिष्काराचा ठराव पास झाला आणि कामगार पुढारी ना. म. जोशींचा मवाळ गट उठून बाहेर पडला. कामगार चळवळ फुटली ती आपल्या गावात, आणि आपण एम्प्रेस मॉलला जातो तेव्हा तिथं 1877 ची टाटांची कापड गिरणी होती हेही कोणाला आठवत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आजची लेबलं तेव्हाच्या माणसांना लावू नका. हेडगेवार 1920 च्या काँग्रेस अधिवेशनात स्वयंसेवकांची व्यवस्था पाहत होते, पुढच्या वर्षी राजद्रोहात वर्षभराची शिक्षा झाली, संघ त्यानंतरचा. म्हणून मी प्रत्येक माणसाचं एक पान करतो, डावीकडे वर्ष, उजवीकडे तो त्या वर्षी कुठे होता, बस. 'नंतर तो अमुक झाला' हे त्या पानावर लिहायचंच नाही, हात कितीही शिवशिवले तरी.

फायली कुठे मिळतील? इंग्रजांच्या काळातल्या सीपी अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्यामुळे प्रांताच्या बऱ्याच फायली इथल्याच अभिलेखागारात आहेत. होम पोलिटिकलचे, म्हणजे इंग्रज सरकारच्या गृहखात्याच्या राजकीय शाखेचे, पंधरवडा रिपोर्ट नॅशनल आर्काइव्ह्जच्या अभिलेख पटल या साइटवर शोधा, घरबसल्या पुष्कळ मिळतं. पण जपून. एमएला मी पोलिसांच्या रिपोर्टातला 'बोल्शेविक' (रशियन क्रांतीवाला कम्युनिस्ट) शब्द जसाच्या तसा उचलला, गाइडनी त्याला लाल गोल केला आणि विचारलं, हा माणूस बोल्शेविक होता का पोलिसांना वाटला? उत्तर नव्हतं माझ्याकडे. तेव्हापासून पोलिस फाइल वाचली की त्याच आठवड्याचं 'हितवाद' आणि ओगल्यांचं 'महाराष्ट्र' ही नागपूरची वर्तमानपत्रं काढून पाहतो, दोन्हीकडे वेगळंच लिहिलेलं असेल तर खरं काम तिथून सुरू होतं. जुने अंक उन्हाळ्यात हातात तुटतात, पावसाळ्यात चिकटतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच बरा.

थिअरी नंतर वाचा. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसननी 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' या पुस्तकाची सुरुवातच 1978-79 च्या व्हिएतनाम, कंबोडिया, चीनच्या लढायांपासून केली, सगळे कम्युनिस्ट आणि तरी एकमेकांवर तुटून पडलेले, मग राष्ट्र म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्न. इतिहासकार हॉब्सबॉम स्वतः ब्रिटनच्या कम्युनिस्ट पार्टीचे मेंबर, 1990 मध्ये त्यांनी लिहिलं की राष्ट्रवादाचा जोर आता ओसरतोय, आणि 1991 ला सोव्हिएत युनियनचे 15 देश झाले. एवढा मोठा माणूस असा चुकतो तर आपण भविष्य कशाला सांगायचं, असं मला वाटतं. वाचा मात्र त्यांना, आणि ते कोणत्या पार्टीत होते हे लक्षात ठेवून वाचा.

भाषेचं म्हणाल तर मराठी, हिंदी, इंग्रजी येतेच. कॉमिन्टर्नवर, म्हणजे कम्युनिस्ट पार्ट्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेवर, जायचं असेल तर त्यांची कागदपत्रं मॉस्कोत आहेत आणि पुष्कळशी जर्मन, रशियनमध्ये, म्हणून एमएच्या पहिल्याच वर्षी क्लास लावा, तिसाव्या वर्षी शब्द डोक्यात बसत नाहीत, माझे बसले नाहीत.

पैशाचं पण बोलतो. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर महिना 37,000, नाही मिळाली तर सेट (प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा) काढा आणि तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत करा. तो पगार कधी हातात येईल याचा भरवसा नसतो, म्हणून फोटोकॉपीचे आणि प्रवासाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

आणि म्हाताऱ्या गिरणी कामगारांकडे जायचं असेल तर आत्ताच जा, पुढच्या सेमिस्टरला नाही.