न्यायमूर्तींचे विकिपीडियावरील चरित्र संपादताना

विदर्भातील एखादे न्यायमूर्ती सर्वोच्च न्यायालयात गेले की मराठी विकिपीडियावरील त्यांच्या लेखात भराभर भर पडू लागते आणि ती घालणारे बहुधा आपल्याच तालुक्यांतले विद्यार्थी, शिक्षक किंवा नवे वकील असतात. ही आस्था मोलाची आहे. परंतु सत्कार समारंभाच्या स्मरणिकेतील मजकूर जसाच्या तसा लेखात उतरवला, तर त्या न्यायमूर्तींचा गौरव होत नाही. उलट प्रताधिकाराचा भंग होतो आणि एखादा जाणता संपादक तो सगळा परिच्छेद काढून टाकतो.

आधी सदस्य खाते उघडावे आणि थेट लेखात हात घालण्यापूर्वी आपला मजकूर धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, लिहून पाहावा. खेड्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसल्यामुळे लांब परिच्छेद मोबाइलच्या टिपणवहीत लिहून ठेवणे बरे. त्यानंतर लेखाचा इतिहास (आधीच्या बदलांची नोंद) आणि चर्चा पान शांतपणे वाचावे, कारण आपण जी गोष्ट घालू पाहतो ती पूर्वी कोणी घातली होती का आणि कोणत्या कारणाने काढली गेली, हे तेथेच कळते.

सर्वाधिक चुका पदे आणि तारखा यांत होतात. न्या. भूषण गवई यांचेच उदाहरण घेऊ. ‘ते २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले’ हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. १४ नोव्हेंबर २००३ रोजी त्यांची अतिरिक्त न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली आणि १२ नोव्हेंबर २००५ रोजी ते स्थायी न्यायाधीश झाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२४ नुसार अतिरिक्त न्यायाधीशाची नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी असते, म्हणून या दोन तारखा वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. पुढे २४ मे २०१९ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात आले आणि १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले. या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र संदर्भ जोडावा. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर न्यायमूर्तींचा परिचय असतो आणि साध्या तारखांसाठी तो पुरतो.

गावाच्या बाबतीत तर फारच जपून लिहावे. गवई घराण्याचे मूळ गाव दर्यापूर तालुक्यातील दारापूर, आणि न्यायमूर्तींचे वडील रा. सू. गवई यांचा जन्म तेथलाच. पण स्वतः न्यायमूर्तींचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० रोजी अमरावतीत झाला. मूळ गाव आणि जन्मस्थळ या दोन नोंदी एकाच वाक्यात मिसळल्या की पुढे तीच चूक माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूला थोडक्यात माहिती देणाऱ्या तक्त्यात) जाते, तेथून इतर भाषांतील लेखांत जाते आणि मग दुरुस्त करता करता नाकी नऊ येतात.

जुन्या न्यायमूर्तींबद्दल लिहिताना न्यायालयाचे नावही तपासावे. १९३६ ते १९५६ या काळात नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय होते आणि न्या. मोहम्मद हिदायतुल्ला १९५४ मध्ये त्याचे मुख्य न्यायमूर्ती झाले. आज नागपुरात आहे ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ. त्यामुळे हिदायतुल्लांच्या लेखात ‘नागपूर खंडपीठ’ असे लिहिणे ही सरळ चूक ठरते.

खरी कसोटी निकालांच्या विभागात लागते. न्यायमूर्ती एखाद्या पीठावर होते, याचा अर्थ निकालपत्र त्यांनी लिहिले असा होत नाही. नोटाबंदीच्या प्रकरणात २ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ असा निर्णय दिला. पीठाचे नेतृत्व न्या. अब्दुल नझीर यांच्याकडे होते, बहुमताचे निकालपत्र न्या. गवई यांनी लिहिले आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्न मत नोंदवले. या तिन्ही गोष्टी एकत्र दिल्या तरच वाचकाला नेमके चित्र मिळते. याउलट ९ नोव्हेंबर २०१९ चा अयोध्या निकाल एकमताचा होता आणि त्यावर लेखक म्हणून कोणाही न्यायमूर्तींचे नाव नाही. म्हणून नागपूरचे न्या. शरद बोबडे त्या पीठावर होते एवढेच लिहावे, निकाल त्यांनी लिहिला असे म्हणू नये. सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती तोंडी जे बोलतात ते तर निकालातले विधान म्हणून कधीही देऊ नये, मग वर्तमानपत्राने मथळा कितीही ठळक दिलेला असो.

निकालपत्र स्वतः वाचून त्याचा अर्थ आपण लावणे विकिपीडियाला चालत नाही. कोणता निकाल महत्त्वाचा, त्याचा परिणाम काय, हे एखाद्या जाणकार लेखकाने किंवा जबाबदार वर्तमानपत्राने म्हटलेले असावे आणि आपण त्याचा आधार द्यावा. येथे तालुक्याचे सार्वजनिक वाचनालय फार उपयोगी पडते. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींमध्ये इंटरनेटवर नसलेल्या बातम्या सापडतात आणि छापील संदर्भ विकिपीडियाला पूर्ण मान्य असतो. मात्र पत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक यांच्याबरोबर आवृत्तीही नोंदवावी. अमरावती आवृत्तीतील बातमी नागपूर आवृत्तीत असेलच असे नाही, आणि पडताळणी करणाऱ्याला नेमके पान सापडले पाहिजे.

व्यक्ती हयात असेल तर नियम अधिक कडक होतात. आरोप, वाद किंवा टीका विश्वसनीय संदर्भाशिवाय क्षणभरही लेखात ठेवू नये. संदर्भ भक्कम असेल तर मात्र टीका दडवूही नये, ती एकूण कारकिर्दीच्या प्रमाणात द्यावी. ‘तालुक्याचे सुपुत्र’, ‘न्यायप्रिय’, ‘थोर’ अशी विशेषणे वगळावीत. मुलाबाळांची नावे आणि घराचा पत्ता यांना लेखात जागा नाही. आपण न्यायमूर्तींचे नातेवाईक, कनिष्ठ वकील किंवा कर्मचारी असाल तर लेखात स्वतः बदल न करता चर्चा पानावर आपले नाते सांगून संदर्भासह सूचना मांडावी.

बदल प्रकाशित करण्यापूर्वी झलक पाहावी आणि संपादन सारांशात ‘नेमणुकीची तारीख दुरुस्त, संदर्भ जोडला’ असे नेमके लिहावे. कोणी बदल उलटवला तर तोच पुन्हा पुन्हा घालत बसू नये. चर्चा पानावर संदर्भ ठेवावा, काही दिवस वाट पाहावी आणि उत्तर मिळाले नाही तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विषय मांडून इतर संपादकांचे मत घ्यावे.